घरात कोणाला माहीत आहे?

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या दुकानात शाळेच्या एका स्कर्टची चेन बदलत होते. फोनवर त्यांचे यजमान, श्रीधरदादा. "गेली गं..." एवढंच म्हणाले. स्कर्ट न्यायला आलेल्या बाईला मराठी कुठलं कळायला, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून ती "उद्या येते" म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली. त्याला आता काही आठवडे झाले. आयर्लंडमधल्या या लेटरकेनी गावातल्या आमच्या मूठभर मराठी घरांमध्ये त्यांचा विषय निघाला की सगळे म्हणतात, किती प्रेमळ डॉक्टर होत्या! होत्याच. पण मी मुळात चौकस बाई. मला त्यांच्याबद्दल प्रेमाच्या आधी कुतूहल वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजून शमलेलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमागून मी इथे आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती, आणि इथे गाडी नसली की माणूस घरात अडकलाच. नवरा शिकवायला बसला की "ब्रेक! अगं ब्रेक!" असा ओरडायचा, दोनदा भांडून आम्ही तो नाद सोडला. मग वसुधाताईंनी आपण होऊन विचारलं. त्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञ, सुट्टीचा दिवस म्हणजे त्यांना सोनं, तरी यायच्या. त्यांची शिकवणी अजबच होती. राउंडअबाउटवर माझी गाडी बंद पडली, मागे रांग लागली, मी घामाघूम, आणि या शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. "ताई, काय करू?" म्हटलं तर उलट मलाच विचारलं, "तुला समोर काय दिसतंय?" मी चिडलेच. पण जे दिसत होतं ते बोलत गेले आणि बोलता बोलता गाडी सुरू करून बाहेरही पडले. घरी आल्यावर मात्र मी त्यांना धरलं. "तुम्हाला भीती नाही वाटली? हे असं गप्प बसायला कुठे शिकलात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मलावीत. आणि फार वाईट रीतीनं शिकले."

त्या दर वर्षी रजा साठवून आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात जातात, एवढं मला ऐकून माहीत होतं. माझी समजूत अशी, की तिथे जाऊन त्या रोगी तपासत असतील. तसं नव्हतं. एचआयव्ही झालेल्या आयांची आणि मुलांची काळजी तिथल्या नर्सेसच घेत, आणि वसुधाताईंसारखे काही जण स्वखुशीनं जाऊन त्या नर्सेसच्या पाठीशी राहत. पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला चिसोमो नावाची नवी नर्स आली. एक आई गोळ्या चुकवत होती आणि तिच्या बाळाची तब्येत ढासळत होती. चिसोमो अडखळत तिच्याशी बोलत होती. वसुधाताईंना राहवलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दुभाष्याकरवी सगळं स्वतःच समजावलं, चांगलं, पद्धतशीर. आईनं मान डोलावली. पण पुढच्या खेपेला ती चिसोमोशी बोलायलाच तयार होईना. मला ती बाहेरची डॉक्टरच हवी, म्हणाली. "आणि बाहेरची डॉक्टर तर महिन्याभरात विमानात बसणार होती," वसुधाताई म्हणाल्या. "मी त्या पोरीला मदत करायला गेले आणि तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली. तेही पेशंटदेखत."

"मग?" मी विचारलं. मला आता ती आई, ते बाळ, सगळ्यांचं काय झालं ते हवं होतं.

मग त्यांनी चिसोमोची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची तिच्या मागे ठेवली. काम संपलं की दोघी बाहेरच्या बाकावर बसून पेशंटला विचारायच्या प्रश्नांचा एकमेकींवर सराव करत. त्यातला एक प्रश्न सगळ्यांत अवघड: घरात कोणाला माहीत आहे? विचारायला सोपा, पण विचारून झाल्यावर गप्प राहणं कठीण. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपल्याला ती शांतता सोसत नाही... चिसोमोनं तो प्रश्न त्या आईला विचारला, आणि थांबली. खूप वेळानं बाईनं सांगितलं, की नवऱ्याला काहीच माहीत नाही, गोळ्या ती पिठाच्या डब्यात लपवते आणि तो घरी असला की घेता येत नाहीत. आधी तिची बहीण आली, मग बऱ्याच महिन्यांनी नवराही आला. बाळ सुधारलं. आता शाळेत जातं, हे सांगताना वसुधाताईंचा चेहरा आजीसारखा झाला होता.

पुढे मलावीच्या वाऱ्या थांबल्या तरी दर शनिवारी सकाळी त्यांचा चिसोमोशी व्हिडिओ कॉल ठरलेला. वाऱ्या का थांबल्या, हा प्रश्न माझ्यासारख्या चौकस बाईलाही पडला नाही. त्या वाळल्या होत्या, पण कशा आहात विचारलं की "ग्रँड!" म्हणायच्या, म्हणजे एकदम मजेत. इथला हा शब्द फार सोयीचा, त्याच्याखाली काहीही झाकता येतं. मग एका शनिवारी दुपारी त्या दुकानात आल्या, कापड बेतायच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी मला डेरीच्या हॉस्पिटलात सोडशील? कॅन्सर आहे मला." डेरी म्हणजे सीमेपलीकडचं जवळचं शहर. श्रीधरदादांची नजर अधू, ते गाडी चालवत नाहीत. या आजवर टॅक्सीनं एकट्याच जात होत्या. दादांना सांगितलं नव्हतं, ऑस्ट्रेलियातल्या मुलालाही नाही.

"का पण, ताई?"

"लोक भेटायला आले असते, आणि मला त्यांच्यासाठी पोहे करावे लागले असते." मग जरा थांबून, "डॉक्टर आजारी पडला की त्याला लाज वाटते गं. कशाची, ते मलाही नाही सांगता येत."

त्या रात्री त्यांनी दादांना सांगितलं, मग मुलाला. तो येऊन राहिला. डेरीच्या फेऱ्या मी केल्या, आणि त्या वाटेवर आम्ही जितकं हसलो तितकं एरवी कधी हसलो नव्हतो. एकच गोष्ट मला उलगडत नव्हती. इतके महिने तोंड मिटून बसलेली ही बाई नेमकी त्याच दिवशी का बोलली? विचारलं की त्या खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसायच्या.

ते मला त्या गेल्यानंतर कळलं. एका शनिवारी श्रीधरदादांचा फोन आला: लॅपटॉप पुन्हा पुन्हा वाजतोय, तू येतेस का? आम्ही वरच्या खोलीत गेलो. पडद्यावर चिसोमो. ताई गेल्याचं मुलानं तिला कळवलेलं होतं. आता ती साऱ्या जिल्ह्यातल्या नर्सेसना तयार करते. माझं नाव ऐकून म्हणाली, "गाडी चालवणारी मैत्रीण तुम्हीच ना?" आणि मग तिनंच सांगितलं. दुकानात आल्या त्याच शनिवारी सकाळी वसुधाताई तिला म्हणाल्या होत्या, थोडं बरं नाही, उपचार चालू आहेत. चिसोमोनं विचारलं, "डॉक्टर, घरात कोणाला माहीत आहे?" वसुधाताई हसल्या. चिसोमो हसली नाही. ती थांबली. "त्या रडल्या," चिसोमो म्हणाली. "मला फार भीती वाटली. पण मी बोलले नाही."

चिसोमोचं लक्ष आता माझ्या मागे होतं. "सर," ती श्रीधरदादांना म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबद्दल कोणाशी बोलता?"

दादा मुळात अबोल. ताई गेल्यापासून त्यांच्याबद्दल दादांच्या तोंडून मी एक वाक्य ऐकलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चिसोमो काही बोलेना. मग ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "कोणाशीच नाही." आणि थोड्या वेळानं, "लग्न ठरवायला आम्ही भेटलो, तेव्हा तिनं मला नाही म्हटलं होतं. माहीत आहे तुला?"

मला हे माहीत नव्हतं. मी चहाचं निमित्त करून बाहेर आले, दार अर्धवट लोटलं, आणि खाली न जाता जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसले, ऐकत.