चाळीस एकरांची परवानगी

चुका लिहून ठेवायच्या नोकरीत किस्से आपोआप साठतात. आमची छोटी कंपनी ड्रोनने उसावर फवारणी करते, तीही पायलटशिवाय. कुठे किती मारायचं ते मशीनच ठरवतं! नियमांत हे अजून बसत नाही. म्हणून आम्हाला सरकारकडून 'सँडबॉक्स', म्हणजे प्रयोगापुरती परवानगी, मिळाला: वरवंडचा चाळीस एकर ऊस, एक हंगाम. या हद्दीत नवं काय ते करून बघा, प्रत्येक चूक वहीत लिहा आणि शेतातल्या कुणीही लाल फडकं दाखवलं की मशीन खाली घ्या. हंगाम नीट गेला तर पुढची परवानगी, नाहीतर गाशा गुंडाळा.

हे मी स्लाइड दाखवून अर्धा तास समजावलं. ज्यांचा ऊस ते आबा म्हणाले, "म्हंजी आधी कालव्याच्या कडंला पवायचं, मग हिरीत उडी. सोपं हाय की." ती स्लाइड मी परत कुणाला दाखवली नाही.

*

पहिल्या तपासणीला वही कोरी होती. मी अभिमानाने पुढे केली. तपासणीच्या मॅडम म्हणाल्या, "चूक नाही म्हणजे तुम्ही उडवलंच नाही."

तेव्हापासून आम्ही बॅटरी घरी विसरल्याचंसुद्धा लिहितो.

*

एका सकाळी हद्दीचे झेंडे शेजारच्या आप्पांच्या उसात सापडले. आप्पांनाही फवारणी हवी होती! विचारलं तर शांतपणे म्हणाले, "जल्मभर लोकांनी माझा बांध कोरला. म्या चार झेंडे सरकवले तर काय झालं?"

ही चूक कुणाच्या नावावर लिहायची, यावर आमची मीटिंग झाली.

*

मग शेवटची तपासणी. पुढची परवानगी त्या दिवसावर होती. मशीन असं झकास चाललेलं, की मीच हवेत! तेवढ्यात आबांनी लाल फडकं वर केलं. मशीन उतरलं. स्क्रीनवर वाऱ्याचा आकडा अगदी ठीक होता. आबा, आजच कशाला, असं मी जवळजवळ रडत विचारलं.

आबांनी लांबच्या गुऱ्हाळाकडे बोट केलं. "धूर वळला बघा. वारं आता कांद्याकडं फिरंल. तिथं बाया खुरपत्यात."

आम्ही थांबलो. जरा वेळाने वारा खरंच फिरला आणि स्क्रीनवरचा आकडा लाल झाला. मॅडमनी आबांना विचारलं, यामुळे यांची परवानगी गेली असती तर?

"गेली तर गेली. बायांच्या डोळ्यात औषिद जायला नको."

मॅडम गाडीत बसल्या. पंधरा दिवसांनी पत्र आलं. दोनशे एकर! सगळ्या अटी टाईप केलेल्या, फक्त पहिली मॅडमनी पेनाने लिहिलेली: 'उड्डाणापूर्वी गुऱ्हाळाचा धूर पाहावा.'