बूट नाई, चिप कुठी बांधू?

अनवाणी पळणाऱ्या बाईच्या पायाला काय काय चिकटतं ते मला विचारा. चिखल, शेण, गोखरू! पण गोखरू उपटून फेकता येतात. किस्से चिकटले की चिकटले. धानाच्या बांधीत रोवणी करताना एकीनं एक काढला की दुसरी दोन काढते, आणि हसून हसून रोपं वाकडी लागतात. मालक ओरडला की मी म्हणते, "तू पळून पाह्य, मंग ओरड!"

आम्ही चौघी. मी, चंद्रकला, पुष्पा आणि इंदू. नागभीडच्या इकडचं आमचं गाव. पहाटे उठून कालव्याच्या पाळीनं पळतो आणि कुठं शर्यत असली की जातो. खरं सांगते, पहिल्या वेळी फुकटच्या टी-शर्टासाठी गेलो होतो.

इंदूचं मात्र वेगळं. पहाटेचा तो एक तास तिला कोणी "पाणी आण, चूल पेटव" म्हणत नाही. आणि तिची सासू, आमच्या गावची अनुसया बुडी, तिला तो तास खुपत होता. बुडीचा एकच कायदा. "भोंग्यावर नाव आलं तं पळाली. नाई आलं तं गावभर फिरून आली!"

आता भोंग्यावर नाव यायचं तर चिप पाहिजे. इथूनच सगळा घोळ.

*

चिप म्हणजे सदऱ्याच्या मोठ्या बटणासारखी चकती. रस्त्यावर काळी मॅट आडवी टाकलेली असते. तिच्यावरून चिप गेली की मशीन 'टुं' वाजते, पडद्यावर नाव उमटतं आणि रफिकभाऊ ते माईकवर वाचतात. रफिकभाऊंचं नागभीडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शर्यत असली की मशीन घेऊन तेच येतात.

पहिल्या शर्यतीत त्यांनी चिपा वाटल्या आणि म्हणाले, "बुटाच्या लेसमध्ये ओवून घ्या."

आम्ही चौघींनी खाली पाहिलं. आठ पाय. बूट एक नाही!

"भाऊ, बूट नाई. कुठी ओवू?"

"बूट काऊन नाई?"

"बांधीत बूट घालून रोवणी करून दाखवा, मंग सांगतो!"

मग चंद्रकलानं चिप मंगळसूत्राला अडकवली, पुष्पानं अंबाड्यात खोचली, मी पदराला गाठ मारली, इंदूनं मुठीत धरली. पळत आलो तर मशीन मुकी! चिप जमिनीजवळ पाहिजे म्हणे. रफिकभाऊ दोन्ही हात खाली करून ओरडायला लागले, "वाका! खाली वाका! अजून खाली!"

आम्हाला वाटलं इथली रीतच असेल. मी आणि पुष्पानं मॅटवर डोकं टेकलं. चंद्रकलानं तर साष्टांग दंडवत घातला. टुं! टुं! टुं! इंदू मागून आली, तिनं मूठ छातीशी धरूनच लांबून हात जोडले. तिचं वाजलं नाही.

पण आमच्या मागून चंद्रपूरचे दोन साहेब आले. महागाचे बूट, हातात घड्याळ. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, बूट काढले आणि मॅटला डोकं टेकवून गेले!

*

पुढच्या वेळी रफिकभाऊ शहाणे झाले. घोट्याला बांधायचा पट्टा घेऊन आले. "आता वाकाचं नाई. फक्त पळाचं!"

वाटेत पाऊस. मातीचा रस्ता, घोट्याएवढा चिखल. इंदू जोरात आली, मॅट पाहिली आणि गचकन थांबली. मागं वळून हातपंपावर गेली. पाय धुतले, टाचा घासल्या. परत येताना पुन्हा चिखल लागला! मग तिनं पदर सावरला आणि मॅटच्या कडेकडेनं, गवतातून, हळूच पलीकडं गेली.

रफिकभाऊंनी कपाळावर हात मारला. "बाई, पाय द्याले तं टाकली ना ती!"

"असं कसं भाऊ? कोनाच्या अंथरलेल्यावर चिखलाचे पाय द्यावं का? तुमच्या घरच्या सतरंजीवर दिला असता तं चाललं असतं?"

रफिकभाऊंनी डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "नाई... अम्मी ओरडली असती."

घरी बुडी दारातच बसली होती. "नाव आलं का?"

"नाई."

"मंग भाकरी टाक. फिरून आलेल्या बाईले थकवा नसते!"

*

चंद्रकलाच्या पायात चांदीच्या जाड तोरड्या. पट्टा त्यांच्या खाली दबला. रफिकभाऊ म्हणाले, चांदी आड आली की मशीन ऐकत नाही, काढून ठेवा.

"काढू? बाळंतपणात नाई काढल्या, तुमच्या मशीनसाठी काढू?"

तिचा नवरा चिडला. "भाऊ, माह्या बायकोच्या पायाशी तुमचं काय काम?"

मी म्हटलं, "भांडा निवांत, शर्यत उद्या पळू!" तेव्हा कुठं तिनं पट्टा सोडून तोरड्या काढल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या. चिपचा पट्टाही त्याच्याच हातात राहिला, हे तिच्या ध्यानात नाही आणि त्याच्याही नाही. चांदी कोणी हिसकावेल म्हणून तो बायकोच्या बाजूनं पळत सुटला. छुम छुम छुम! गावकरी शिट्ट्या मारतात. शेवटी दमून मॅटवर आडवा पडला, हातातला पट्टा खाली टेकला आणि मशीन बोलली.

पळाली चंद्रकला, वाजला नवरा!

*

एकदा चंद्रपूरला कोणीतरी सगळ्या बायांना बूट वाटले. पुष्पाचे बूट पांढरेशुभ्र. रफिकभाऊ खूश. तिच्या लेसमध्ये चिप त्यांनी स्वतः ओवली. "आता कसं, बरोबर झालं!"

पुष्पा शेवटी आली तेव्हा बूट तिच्या हातात!

"अवो, पायात घाला ना!"

"नवे आहेत भाऊ, घासतीन!"

मग ती मॅटजवळ उकिडवी बसली आणि एक बूट इकडून, एक तिकडून, लहान पोराला चालायला शिकवावं तसे दोन्ही बूट मॅटवरून चालवले. टुं! रफिकभाऊंनी माईक खाली ठेवला आणि पाणी प्यायले.

*

ह्याच पुष्पानं एकदा चिप परत द्यायची विसरून घरी नेली आणि बकरीची घंटी हरवली होती म्हणून ती बकरीच्या गळ्यात बांधली. रफिकभाऊ चिप शोधत गावात आले तर बकऱ्या जंगलाच्या कडेला चरायला गेलेल्या. मग हातात धरायची छोटी मशीन घेऊन ते एकेका बकरीच्या मागं. तेवढ्यात फॉरेस्टचा गार्ड आला.

"काय करून राह्यले? वाघ आहे इकडं!"

"बकरीची चिप तपासून राह्यलो साहेब."

गार्डनं डोक्याला हात लावला. "आमी वाघाले पट्टे लावतो, तुमी बकरीले काऊन लावता?"

तितक्यात 'टुं' वाजलं आणि पडद्यावर नाव आलं, पुष्पा! गार्डनं पडदा पाहिला, बकरीला पाहिलं आणि टोपी काढून विचारलं, "आणि बाकीच्यांची नावं काय?"

*

आता इंदूचं सांगते.

मागच्या शर्यतीच्या आधी बुडीनं निकाल देऊन टाकला. "या खेपेले नाव नाई आलं तं उद्यापासून पळनं बंद. आन मी सोता पाहाले येतो!"

इंदू रात्रभर झोपली नाही. चिप आदल्या दिवशीच आणलेली, बुडीनं ती देव्हाऱ्यात ठेवली. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं फडक्याची पुरचुंडी करून इंदूच्या घोट्याला गच्च बांधली. "सोडशीन नको!" मग नऊवारी खोचून, कमरेला पान-सुपारीची चंची लावून म्हातारी आमच्याआधी टेम्पोत बसली.

काय पळाली इंदू! मी मागून ओरडते, "दम ठेव वं!" पण ती ऐकते कुठं. बायांमध्ये तिसरी आली. पाय चिखलानं माखलेले, तरी धाडकन मॅटवर दिले. एक, दोन.

मशीन गप्प.

इंदू मागं गेली, पुन्हा आली, नाचल्यासारखी मॅटवर पाय आपटायला लागली. गप्प! रफिकभाऊ वायरी हलवून पाहतात. इंदूनं माझ्याकडं पाहिलं. रडली नाही, ओठ तेवढे दाबून धरले. मी बुडीकडं वळले. आज हिच्याशी भांडायचंच!

पण बुडी जागेवर नव्हती. गर्दीतून वाट काढत ती मॅटवर गेली, फतकल मारून मधोमध बसली आणि तळहातानं थाडथाड मारायला लागली. "काऊन बे? फुटले का तुहे डोये? माही सून आली ना! मी पाह्यली ना! बोल!"

टुं!

पडद्यावर नाव उमटलं. रफिकभाऊंनी सवयीनं माईकवर वाचलं, "इंदू!" सगळ्या मैदानात घुमलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रफिकभाऊ मात्र माईक ठेवून इंदूच्या पायाशी वाकले. पुरचुंडी सोडली. आतून नजरेचा बिब्बा निघाला. काळाकुळकुळीत, गोल, एकटा.

"मंग चिप..." म्हणत त्यांनी मान वर केली. त्यांची नजर बुडीच्या मॅटला टेकलेल्या चंचीवर जायला आणि माझी टाच त्यांच्या चपलेवर पडायला एकच गाठ पडली!

बुडी गुडघ्यावर हात देऊन उठली. लुगडं झटकलं. चंची कमरेत नीट आत खोचली आणि सुनेला म्हणाली, "चाल वं. उद्या पाहाटे लवकर उठजो पळाले. आन पुढच्या टायमाले मलेबी आनजो. हे मशीन धाकाशिवाय बोलत नाई!"