हिरवा चेंडू आणि हळदीचे उपरणे

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शिनोलीतील देवळाची पूजा तेव्हा माझ्याकडे होती. आमच्या घरी सोवळ्याला साबण वर्ज्य. त्यात चरबी असते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शंका. रिठे फोडावेत, उकळावेत आणि त्या पाण्यात धोतरे धुवावीत, हे काम माझी पत्नी वर्षानुवर्षे करीत आली होती. तिचे हात भरून येत.

एके दिवशी एक विक्रेता कपडे धुण्याचा प्लास्टिकचा हिरवा चेंडू घेऊन देवळापाशी आला. चेंडूतील खडे पाण्यात ऋणभारित आयन सोडतात, मळ आपोआप सुटतो, कोणतेही रसायन नाही, नदीतले मासेही सुखी, असे त्याचे पत्रक सांगत होते. ती संस्कृतप्रचुर भाषा वाचून मी विरघळलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "शुद्ध वस्तू आहे. अवश्य घ्यावी."

"गुरुजी म्हनत्यात म्हंजी खरंच आसंल," म्हणत बायकांनी भराभर नावे दिली. चेंडू दुसऱ्या दिवशी मिळायचे होते. नमुना त्याने माझ्याकडे ठेवला.

संध्याकाळी पत्नीने माझे हळदीने माखलेले उपरणे त्या चेंडूसह बादलीत भिजवले. थोड्याच वेळात तिची हाक आली, "अहो, या जरा! तुमचे आयन बघा कसे रंगलेत!"

पिवळे डाग लालभडक झाले होते. तिच्या जुन्नरच्या माहेरी कुंकू घरीच करीत. "हळदीत खार पडला की ती लाल होते. यात धुण्याचा सोडा आहे," ती म्हणाली. खात्रीसाठी तिने नुसत्या पाण्यातही हळद टाकली; ती पिवळीच राहिली. चेंडू फोडला, तर खड्यांत पांढरी भुकटी!

देवाच्या दारात दिलेला शब्द खोटा ठरला होता. सकाळी तेच उपरणे खांद्यावर घेऊन मी देवळात गेलो आणि हळदीने चेंडूतला सोडा उघडा पाडला, मी न तपासता बोललो, हे सर्वांना सांगितले. मग एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "जाऊ द्या, गुरुजी. पर उपरणं लई शोभतंय, राव!" आणि सारे देऊळ हसले, मीही.

विक्रेता आला तेव्हा बायका पाण्याची बादली आणि हळदीची वाटी घेऊनच उभ्या होत्या. "पावणं, आदी तुमचा चेंडू बुडवा बादलीत आन् ही चिमूट टाका बगू!" लाल पाणी पाहून त्याने मुकाट्याने पिशवी आवरली आणि घोडेगावची एसटी धरली.

उपरण्यावरचे डाग पुढे चार उन्हांत विरले. रिठे मात्र त्या दिवसापासून मीच फोडतो.