आईची चतुर्थी आणि दवाखान्यातली चौकशी

आईला इन्सुलिन दिलं आणि दुपारी तिची साखर एवढी खाली गेली, की घामाने चिंब होऊन ती मलाच "तू कोण गो?" विचारायला लागली. ग्लुकोज चढवल्यावर ती ताळ्यावर आली. मी मात्र आले नाही. रत्नागिरीतल्या त्या दवाखान्यात मी अस्सा आवाज लावला, की जिन्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली. "डोस जास्त दिलान हिनं! आधी हिला घरी पाठवा!"

ही म्हणजे सावर्ड्याची एक तरुण नर्स, नुकतीच नोकरीला लागलेली. डोस बरोबरच होता, असं ती बिचारी परत परत सांगत होती, पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चौकशी ठेवली. म्हणाल्या, पेशंट आणि घरची माणसं समोर हवीतच. मला वाटलं, झालं, आता गोड बोलून गुंडाळणार! मी पदर खोचूनच गेले. आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

मी तोंड उघडणार, तर बाईंनी मला हाताने थांबवलं नि आईला विचारलं, "आजी, काल काय काय झालं, तुम्हीच सांगा."

आईने त्या नर्सकडे पाहिलं. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"काल संकष्टी होती," आई म्हणाली. "ताट आलं, ही सुई टोचून गेली. भात मी शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला दिला. हर्ण्याहून आलेली, सकाळपासून उपाशी होती हो ती. मग हिनं येऊन विचारलंन, जेवलात? मी म्हटलं, हो."

"आई!" मी ओरडलेच. "दवाखान्यात कसला गो उपास?"

"दवाखान्यात आले म्हणून चतुर्थी टळते होय?"

सगळे हसले. माझे मात्र कान तापले.

"इन्सुलिन घेऊन पोट रिकामं, मग साखर उतरणारच. आजींनी लपवलं खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपणही कधी विचारत नाही. यापुढे सुई टोचण्याआधी उपासाचं विचारायचं." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या तक्रारीचं काय करू? तुम्ही हिला काढायला सांगितलंत."

नर्स माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मागे घेते," मी म्हटलं. "पण एक अट. आईवर ओरडायची हिला मुभा द्या."

"आजी," ती पोर म्हणाली आणि तिला रडूच फुटलं, "मरता मरता वाचलात ओ! असं करतात होय कधी?"

आईने तिचा हात धरला आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. जन्मात पहिल्यांदा.