हललेले फोटो

सफारीला न्यायचा कॅमेरा मी निवडणार, हे मी घरात भांडून ठरवून घेतलं होतं. ह्यांच्यावर सोपवलं असतं तर पहिल्या दुकानातला पहिला कॅमेरा उचलून घरी आले असते आणि वर मलाच म्हणाले असते, "फोटो निघतात ना? मग झालं तर!" लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी आम्ही दोघं मिळून नाशिक-शिर्डीपलीकडे गेलो नव्हतो. आता येत्या मे महिन्यात ताडोबाला जायचं, उघड्या जिप्सीत बसायचं आणि वाघ बघायचा, असं पक्कं झालं होतं. मी तेव्हा तलासरीला शाळेत शिकवत होते. आमच्या मुलांच्या पाड्यांवर वाघोबाचे शेंदूर फासलेले दगड होते, पण खरा वाघ ना त्यांनी पाहिला होता ना त्यांच्या बाईंनी. त्यांना मी फोटो आणून दाखवणार होते. चांगला स्पष्ट, मिशा मोजता येतील असा.

आणि त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार अठराच्या दिवाळीच्या सुमारास, आमच्याकडची जमीन हलायला लागली.

बाहेरच्यांना वाटतं, भूकंप एकदा होतो आणि संपतो. आमच्याकडे तो मुक्कामालाच आला. जमिनीच्या पोटात सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, कधी आधी, कधी मागून, आणि खालून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. भांडी वाजायची, कौलं सरकायची, भिंतीला नवी भेग पडायची. कधी आठवडाभर काही नाही, तर कधी एकाच दिवसात पुन्हा पुन्हा. शाळा आंब्याखाली भरायला लागली. लोक ऐन थंडीत अंगणात ताडपत्री बांधून झोपायला लागले, आम्हीही. मी काही भित्री बाई नाही, पण त्या दिवसांत भ्यायले. सरळ सांगते, आंघोळीला गेले की दाराला कडी लावायची हिंमत होत नव्हती.

"बाई, घर पडायला आलंय आणि तुम्हाला वाघ सुचतोय!" असं लोक म्हणायचे. त्यांना काय सांगणार? वाघाचा विचार केला की तेवढा वेळ जमिनीचा विसर पडायचा.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना फोटोचं वेड. त्यांनी आपला कॅमेरा आणि लांबचं दाखवणारी लेन्स मला सरावाला दिली. म्हणाले, "बाई, जिप्सीत ट्रायपॉड उभा करता येत नाही. हातात धरून काढायची सवय करा. पक्षी काढा. ज्याला पक्षी जमला त्याला वाघ जमला." आमच्या घरासमोर विजेच्या तारेवर एक वेडा राघू येऊन बसायचा. हिरवागार, एका जागी बसून नुसती मान वळवणारा. म्हटलं, ह्याच्याइतकं गुणी गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही.

फोटो काढले, तर सगळे हललेले. राघूच्या जागी हिरवा डाग. सरांना दाखवले. सर म्हणाले, शटरचा वेग वाढवा. वाढवला. कोपरं पोटाला टेकवा. टेकवली. श्वास रोखून धरा. तोही धरला. शेवटी सर बिचारे म्हणाले, "लेन्सच जुनी झाली असेल."

"सर, लेन्सचं काय घेऊन बसलात, इथे धरणीच जागेवर नाही!" मी म्हटलं, आणि सगळे हसले. त्या दिवसांत काहीही बिनसलं की खापर जमिनीवर फोडायचं, ही आम्हा सगळ्यांना सवयच लागली होती. दूध नासलं, जमिनीमुळे. दार अडकलं, जमिनीमुळे. नवरा-बायकोचं भांडण झालं तरी जमिनीमुळे.

मग एका रविवारी सकाळी मी ओट्यावर कॅमेरा डोळ्याला लावून बसले होते. राघू समोर. आणि एकदम सगळं चित्र थरथरायला लागलं, तार, राघू, मागचा ताड, सगळंच. मी ओरडले, "अहो, बाहेर या! हलतंय! बाहेर या!" हे अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच धावत आले. शेजारीण आली, तिचे हात भाकरीच्या पिठाने भरलेले. तिच्या नवऱ्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला उचलून बाहेर आणलं. सगळे अंगणात उभे राहून वाट बघायला लागलो.

काही नाही. आवाज नाही, भांडं वाजलं नाही. एरवी जरा धक्का आला की कोंबड्या आकांत करायच्या, त्या निवांत दाणे टिपत होत्या. तो राघूसुद्धा तारेवर तसाच बसलेला.

"बाई, तुम्हाला तर आता धरतीच्या आधी कळाया लागलं!" शेजारीण म्हणाली आणि हसत भाकऱ्या थापायला गेली. ह्यांनी साबण पुसला. म्हणाले, "अगं, वाघ दिसल्यावर तरी अशी बोंब मारू नकोस. पळून जाईल तो." मीही ओट्यावर बसून हसत होते. हसता हसता माझ्या ध्यानात आलं की मी माझा उजवा हात मांडीखाली दाबून धरला आहे. माझं हसू तिथेच थांबलं.

असे माझे वडील बसायचे.

वडील धाकटी डहाणू गावात होड्यांवर नावं रंगवायचे. हात असा की पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे, आणि लोक बघत उभे राहायचे. पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी ब्रशला नावं ठेवायचे, मग म्हणायचे लाकूडच ओलं आहे. नंतर कुणी घरी आलं की हात मांडीखाली घालून बसायचे, दिसू नये म्हणून. ते हातापुरतंही राहिलं नाही. पाय गेले, मान गेली, बोलणं गेलं. शेवटी शेवटी आई त्यांना भरवायची, तेव्हा ते लाजेने तिच्याकडे बघायचे नाहीत. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, हे घरी यायच्या आत, मी एका छोट्या पिशवीत तांदूळ भरले. पिशवी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि राघूचा फोटो काढला. लख्ख आला. पीस न् पीस मोजून घ्या. मग पिशवी बाजूला केली आणि हातात धरून काढला. हिरवा डाग. पुन्हा पिशवीवर ठेवून बघितला, पुन्हा हातात धरून बघितला. लेन्स चांगली होती, आणि जमीनही त्या घटकेला अगदी गप होती.

मी कुणाला काही बोलले नाही. आता मला दोन तऱ्हेची भीती होती. एक सगळ्यांची. तिच्याबद्दल चारचौघांत बोलता यायचं, तिच्यासाठी ताडपत्री मिळायची. दुसरी माझ्या एकटीची होती, आणि तिच्यापासून पळून अंगणात येता येत नव्हतं. वर्गात खडू धरला की मी आधी बोटांकडे बघायची. कुणी समोरून आलं की हात आपोआप पदराखाली जायचा. आज कमी आहे का, काल जास्त होतं का, हाच जप दिवसभर.

कॅमेरा घ्यायला आम्ही हद्दीपलीकडे गुजरातेत, वापीला गेलो. तलासरीकरांची मोठी खरेदी वापीलाच होते. माझा मनातल्या मनात बेत ठरला होता, चांगली जड लेन्स घ्यायची. वजनाने हात दबेल, गप बसेल. दुकानदाराने त्याच्याकडची सगळ्यात मोठी लेन्स काढून दिली. मी रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर नेम धरला. ती गुजराती अक्षरं अशी नाचायला लागली की विचारू नका. वजनाने हात दबला नाही, उलट आणखी चेकाळला.

"बेन, हाथ जरा स्थिर राखो ने," शेठ सहज म्हणाला.

मी त्याच्यावर अशी उखडले! "स्थिरच आहे माझा हात! आधी तुमची लेन्स बघा!" बिचारा चपापला. त्याने गुपचूप दुसरी, लहान लेन्स लावली, तिच्या अंगावरचं एक बारीक बटण सरकवलं आणि कॅमेरा परत दिला. "हवे जुओ." आता बघा, म्हणे.

बघितलं, तर चित्र थांबलेलं. रडणारं पोर दूध मिळताच गप होतं ना, तसं. सगळी अक्षरं आपापल्या जागी. शेठ अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत समजावत होता की आत एक काच असते, हात हलला की ती उलटी हलून सांभाळून घेते. मी बटण बंद केलं. अक्षरं नाचली. चालू केलं. थांबली. बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मी कॅमेरा डोळ्यावरून काढेचना.

"अगं, चालूच ठेव ते," हे मागून हळूच म्हणाले. आणि शेठला म्हणाले, "हीच द्या." किमतीवरून एक शब्द नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालणारा माणूस हा!

परतताना गाडीत मी विचारलं, "हीच का घ्यायला लावलीत?"

हे रस्त्याकडे बघत गाडी चालवतच म्हणाले, "गणपतीपासून मी तुझा चहा अर्धाच कप ओततोय. सांडू नये म्हणून. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. सकाळचा चहा हेच करतात, मला वाटायचं दूध कमी आलं असेल. आणि गणपती म्हणजे जमीन हलायच्या कितीतरी आधी! मी भडकले. "इतके महिने ठाऊक होतं आणि तोंडातून शब्द नाही काढलात?"

"तू काही बोलली नाहीस."

"अहो, मलाच ठाऊक नव्हतं!"

"मग मी कसं सांगायचं होतं, तूच सांग."

माझ्या वडिलांना शेवटी न्हाणीघरात उचलून नेणारा हाच माणूस होता. पुढे काय काय होतं, ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग हे म्हणाले, "डॉक्टरला दाखवू." मी म्हटलं, "सफारीहून आल्यावर दाखवू. दगदगीने असेल. ताडपत्रीखाली झोप कुठे होते धड?" ते म्हणाले, "असेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शाळेला सुट्टी असताना, दुपारी मी आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. नवा कॅमेरा घेऊन समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला होता. बटण चालू. तारखा कशा शहाण्यासारख्या उभ्या. आणि बघता बघता त्या हलायला लागल्या. बटण चालू असताना! मी कॅमेरा दाबून धरला, कोपरं पोटात खुपसली, श्वास रोखला. तरी हलतंय. म्हटलं, संपलं. आता काचेलासुद्धा आवरेना. इतक्या लवकर? वडिलांना तरी वर्षं लागली होती.

तेवढ्यात खालून गडगडलं. फळीवरचा डबा धाडकन खाली आला आणि बाहेर शेजारीण किंचाळली, "बाई, बाहेर निघा! बाई!"

जमीन होती! अगं बाई, माझा हात नव्हता, जमीन होती! देवाशपथ सांगते, आयुष्यात मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. मी पलंगावरून उठलेच नाही. कॅमेरा पोटाशी धरून वेडीसारखी हसत बसले. लागोपाठ दुसरा धक्का आला. भिंत कुरकुरली, कौलांतून माती माझ्या केसांत पडली. घर डोक्यावर येऊ शकतं हे मला कळत होतं, पण त्याचं काही वाटतच नव्हतं. हलू दे, म्हटलं. अजून हलू दे. थांबू नको, बाई, थांबू नको.

हे धावत आत आले आणि दंडाला धरून त्यांनी मला फरफटत अंगणात आणलं. चेहरा पांढराफटक. "वेड लागलंय का तुला? हसतेस काय?"

"अहो, जमीन होती," मी म्हणत होते. "माझा हात नव्हता. जमीनच होती."

ह्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. कोंबड्यांचा आकांत कमी कमी होत गेला. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "थांबलं." लोक एकेक करून घरात गेले, पडलेली भांडी उचलायला. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. जमीन थांबून बराच वेळ झाला होता, आणि ह्यांच्या मुठीत माझी बोटं चालूच होती.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," हे म्हणाले.

"जाऊ," मी म्हटलं.