दाखल होण्याआधीचा रविवार

पप्पांची बायपास मंगळवारी ठरली होती. सोमवारी सकाळी परळच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं आणि तोवर घरी पडून राहायचं. जिने अजिबात चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बॅग भरून ठेवली होती, तरी रिपोर्ट आहेत ना, विम्याचे कागद आहेत ना, हे सारखी उघडून बघत होते.

मधला रविवार नाताळाआधीच्या आगमनकाळातला होता. पप्पा चर्च चुकवायला तयार नव्हते, म्हणून टॅक्सीने नेलं. पाळकसाहेब तयारीबद्दल बोलले. नाताळ आला की आपण घराला रंग लावतो, करंज्या करतो, खिडकीत तारा लावतो. पण प्रभू आज दारात उभा राहिला तर त्याला तोंड दाखवता येईल का? नुसतं वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नाही, उठून उलट वाटेने चालू लागणं म्हणजे पश्चात्ताप, असं ते म्हणाले. दरवर्षी ऐकते तेच. माझं लक्ष पप्पांच्या श्वासाकडे होतं.

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला रांग लागली. पप्पा जागचे हलले नाहीत.

"छातीत दुखतंय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. तू जा. मनात वैर ठेवून मी आज घेणार नाही."

बाहेर आल्यावर टॅक्सीत बसताना म्हणाले, "घरी नको. गिरगावात चल. तुझ्या काकाकडे."

काका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. त्याने हिंदू मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून पप्पांनी त्याच्यासाठी घर बंद केलं. आजी आजारी पडली तेव्हा मी कॉलेजात होते. ती काकाचं नाव घ्यायची आणि पप्पा म्हणायचे, तो बाहेरगावी गेलाय. ती गेली. शिवडीच्या कबरस्तानात तिला माती देऊन आल्यावर पप्पांनी काकाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. पलीकडून काही ऐकू आलं नाही, फक्त फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर दोघं भेटले नव्हते.

"तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, पप्पा. आत्ता फोन करा ना. बरे झालात की जाऊ."

"तेव्हाही फोनच केला होता," ते म्हणाले.

चाळीचा जिना लाकडी आणि उभा. दर चार-पाच पायऱ्यांवर ते कठड्याला धरून थांबत. ओठ पांढरे पडले होते. इथेच काही झालं तर यांना खाली कसं न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला पप्पांचा राग येत होता, पाळकसाहेबांचाही.

दार काकूने उघडलं. मी तिला फोटोतच पाहिलं होतं. तिने पप्पांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता खुर्ची पुढे ओढली, पाणी आणलं. काका आतून आला आणि दारातच थांबला.

पप्पांना धाप लागली होती. तरी ते खुर्चीतून उठले.

"आईला माती देताना तुला बोलावलं नाही. मुद्दाम नाही बोलावलं. ती तुझी वाट बघत होती, आणि मी तिच्याशी खोटं बोललो." मग काकूकडे वळून म्हणाले, "तुम्हाला मी कधी घरात घेतलं नाही. माझं चुकलं."

मंगळवारी बायपास आहे, हे मी काकाला सांगितलं.

"ऑपरेशन आहे म्हणून आलास?"

"हो. भीती वाटली म्हणून आलो."

"मग मी काय बोलू, दादा? नाही म्हटलं आणि उद्या तुला काही झालं, तर ते माझ्या डोक्यावर."

पप्पा पुन्हा खुर्चीत बसले. काकूने चहा ठेवला होता, पण कोणी प्यायला नाही. उतरताना तीच पप्पांचा हात धरून तळमजल्यापर्यंत आली. "ह्यांना वेळ लागेल. तू मला कळवत राहा," ती मला म्हणाली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पप्पा आयसीयूत असताना मी काकूला मेसेज करत राहिले. गुरुवारी काका हॉस्पिटलात आला, काचेतून त्यांना बघितलं आणि मला म्हणाला, "आई कुठे आहे ते मला दाखव."

शिवडीत आजीची कबर मला पटकन ओळखू येईना. सापडली. काकाने दगडावरची माती हाताने पुसली आणि आजीचं शेवटचं सगळं विचारलं. काय खात होती, कोण जवळ होतं, त्याच्याबद्दल काय म्हणाली. काही गाळावंसं वाटत होतं. तो पुन्हा पाठ फिरवेल अशी धास्ती होती. तरी सगळं सांगितलं.

पप्पा घरी आले. काका कधीमधी येतो, थोडं बसतो. "माफ केलंय असं समजू नकोस," असं एकदा तोंडावर म्हणाला. पप्पा म्हणाले, "तू येतोस ना, ये."

पप्पांना आता शांत झोप लागते. मला लागत नाही. दादरला ऑफिसात काम करताकरता मध्येच मनात येतं, की उद्या मला दाखल व्हायचं असेल, तर कोणाचा जिना चढावा लागेल? दोन घरं तर लगेच आठवतात. अजून गेलेले नाही.