घरचं आहे, हलवता येईल

गावात त्या इमारतीला अजूनही 'बर्फ' म्हणतात. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडला आणि मालकाने मरण्याआधी जागा गावाला देऊन टाकली. कागदावर लिहून ठेवलं की ज्याच्या अंगात काही कला असेल त्याला ती इथे फुकट दाखवता यावी. अंगात किती असावी, हे मात्र लिहायचं राहून गेलं, त्यामुळे पुढची एकतीस वर्षं गावाने जे सोसलं ते सोसलं. "आज बर्फात नाटक आहे", "बर्फात चित्रं लावलीत", असं लोक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि नवखा पाहुणा बिचारा स्वेटर घालून येतो.

एकतीस वर्षं हे सगळं चालवलं ते चिटणिसांनी. नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, पण जीव इकडे. जागेसाठी नेमलेल्या ट्रस्टवर बाकीची मंडळी होती, नाही असं नाही. ती वर्षातून एकदा यायची, चहा प्यायची, चिटणिसांची पाठ थोपटायची आणि घरी जायची. कुलपं उघडणं, खुर्च्या मांडणं, अडकणारा पडदा बांबूने ढकलणं, मेकअपच्या खोलीतला दिवा बदलणं, हे चिटणिसांकडे. आणि चिटणिसांकडे म्हणजे निम्मं चिटणीसबाईंकडे, हे कोणी सांगायला नको. पडदा त्यांनी शिवला, गाद्या त्यांनी उसवून पुन्हा भरल्या, तालमीला थर्मासमधून चहा त्यांनी आणला. शिवाय त्या व्हायोलिन वाजवायच्या. चांगलं वाजवायच्या. गावात कोणी गायला उभं राहिलं की "चिटणीसबाई, जरा साथीला बसा ना" म्हणून निरोप यायचा, आणि त्या बसायच्या. गाणारा भरकटला की त्याला हळूच हाताला धरून सुरात आणून सोडायच्या, आणि टाळ्या त्याला मिळायच्या.

बर्फाची एक मोठी वही होती, तारखांची. तिचा नियम चिटणिसांनी स्वतः केलेला. नुसता शब्द टाकला असेल तर पेन्सिल. प्रत्यक्ष येऊन सही केली की शाई. पेन्सिलीची तारीख खोडरबराने पुसता येते. शाईची तारीख माझा बाप आला तरी हलणार नाही, असं ते सांगायचे, आणि खरोखर हलवायचे नाहीत. एकदा ट्रस्टच्या अध्यक्षांना आपल्या व्याह्यांच्या भाषणासाठी तारीख हवी होती, त्या दिवशी शिंप्याच्या मुलीच्या नाचाच्या क्लासची शाई होती. अध्यक्ष सहा महिने चिटणिसांशी बोलले नाहीत. चिटणिसांना त्याचा काही फरक पडला नाही.

पहिल्याच वर्षी बाई म्हणाल्या, "अहो, एक संध्याकाळ मला द्याल का? साथ नाही. माझं एकटीचं. तासाभराचंच."

चिटणिसांना आनंद झाला. अगदी मनापासून झाला, हे मी त्यांची बाजू घेऊन सांगतो. त्यांनी वही उघडली, तारीख काढली आणि पेन्सिलीने लिहिलं: घरचं.

नाव नाही. घरचं. आपल्याच बायकोचं नाव काय लिहायचं, आणि तिची सही काय घ्यायची? शिवाय मनात एक भीती होती. जागा गावाची, किल्ल्या आपल्याकडे. उद्या कोणी म्हणायला नको की चिटणिसाने आधी आपलं ताट वाढून घेतलं. तेव्हा पेन्सिलच बरी. कोणाला अडचण आली तर घरचंच आहे, हलवता येईल.

आणि लोकांना अडचणी काय, येतातच. पहिल्या वर्षी कठपुतळीवाल्याचा टेम्पो बिघडला, त्याला एक दिवस पुढे हवा होता. दुसऱ्या वर्षी निवृत्त मास्तरांचा गायनवृंद आला. अकरा जण, त्यातले चार सुरात, पण हौस अकराही जणांना. तिसऱ्या वर्षी जादूगार. दर वेळी चिटणीस घरी येऊन हात चोळत म्हणायचे, "अगं, जरा पुढे ढकलू या का? त्यांची फार पंचाईत झाली आहे." आणि बाई म्हणायच्या, "असू दे." या दोन शब्दांत काय काय असतं ते ऐकायला कान लागतात. चिटणिसांचे कान बर्फात गुंतलेले.

सातव्या वर्षी मात्र बाईंनी मनावर घेतलं. महिनाभर दुपारी मागच्या खोलीत दार लावून तालीम केली. एका पुठ्ठ्यावर क्रम लिहिला, आधी काय, मग काय. लांबच्या बहिणीला कळवलं, आणि ती सहा तास बसमध्ये बसून यायला निघाली. आणि गुरुवारी पोस्टातली मंडळी चिटणिसांकडे आली. त्यांच्या नाटकातल्या नायकाची बदली झाली होती, सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं. शनिवारी झालं तर नाटक, नाहीतर आठ महिन्यांची तालीम पाण्यात. चिटणिसांनी वही पाहिली. शनिवार पेन्सिलीत होता.

बहीण आली ती पोस्टातल्या लोकांचं नाटक बघायला बसली. तिसऱ्या रांगेत, बाईंच्या शेजारी. नायक दुसऱ्या अंकात वाक्यं विसरला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या बाई. घरी जाताना दोघी पुढे आणि चिटणीस किल्ल्यांचा जुडगा घेऊन चार पावलं मागे. बहिणीने विचारलं, "मग तुझं कधी आहे गं?"

"आमचं घरचं आहे," बाई म्हणाल्या. "कधीही करता येतं."

चिटणिसांची छाती फुगली. किती समजूतदार बायको मिळाली आहे आपल्याला, असं त्यांना वाटलं. हे वाटणं त्यांना पुढे फार महागात पडायचं होतं, पण त्या दिवशी ते शीळ घालत घरी गेले.

त्यानंतर बाईंनी विचारलं नाही. चिटणीस मात्र दरवर्षी आपले आपणच एक तारीख 'घरचं' म्हणून लिहून ठेवायचे, आणि दरवर्षी कोणीतरी अडलेला यायचा. लिहून ठेवलं की मनाला बरं वाटायचं, जणू अर्धं काम झालं. मधली वर्षं कशी गेली कळलं नाही. चिटणिसांचे गुडघे गेले. बाईंच्या बोटांत सांधेदुखी शिरली, सांधे सुजले, मग बोटं वाकडी झाली. त्यांनी साथीला बसणं बंद केलं, आणि व्हायोलिनची पेटी कपाटाच्या वर गेली. सकाळी चिटणीस त्यांच्या स्वेटरची बटणं लावून द्यायचे. दोन वर्षं, रोज.

एकाहत्तराव्या वर्षी चिटणिसांनी काम सोडायचं ठरवलं. नवीन चिटणीस म्हणून औषधांच्या दुकानातल्या मॅडम तयार झाल्या. स्वभावाने मोठ्या नीटनेटक्या. गोळ्यांची पट्टीसुद्धा उलटसुलट करून तारीख बघितल्याशिवाय कोणाला देणार नाहीत. त्यांनी सगळ्या जुन्या वह्या मागवल्या आणि मेकअपच्या खोलीत खिडकीपाशी बसून पानन् पान बघायला घेतलं. चिटणीस समोर बसून ऐटीत माहिती देत होते.

मॅडमनी एक पान तिरकं धरलं. मग दुसऱ्या वहीतलं एक. खोडरबराने अक्षर जातं, पण पेन्सिल दाबून लिहायची सवय असली की कागदावर वळ राहतो.

"चिटणीस, हा 'घरचं' नावाचा ग्रुप कोणाचा?"

"कुठला ग्रुप?"

"हा बघा ना. दरवर्षी तारीख घेतो आणि दरवर्षी सोडतो. अठरा वेळा मोजलं मी, आणि चार वह्या अजून बघायच्याच आहेत." मॅडम हसल्या. "फारच गरीब स्वभावाचे लोक दिसतात. एकदा तरी भांडायचं की नाही? तुम्ही त्यांना ओळखत असाल तर सांगा, माझी पहिली तारीख मी त्यांना देते."

चिटणिसांनी पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. आपलंच अक्षर, वळणदार, व्यवस्थित. त्यांना वाईट वाटलं, साधं सरळ वाईट वाटलं. आणि ते इतक्या उशिरा वाटलं याची लाज वाटली. ट्रस्टच्या अध्यक्षाला जो माणूस बधला नाही, त्याने आपल्या बायकोला अठरा वेळा पुसलं होतं, आणि वर स्वतःला निःस्वार्थी म्हणवून घेतलं होतं.

"तारीख आत्ताच लिहितो," ते म्हणाले. "तुमच्याआधी माझी शेवटची." पुढच्या महिन्याची सोळा तारीख काढली, पेन उघडलं आणि शाईने बायकोचं पूर्ण नाव लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की हे नाव या वह्यांमध्ये पहिल्यांदाच येतंय.

घरी पोचले ते धापा टाकत. "अगं, सोळा तारीख. शाईत लिहिली. तुझ्या नावाने. आता कोणी आलं तरी हलत नाही."

माणूस एवढा मठ्ठ असतो का? असतो. त्याच सकाळी त्यांनी तिच्या स्वेटरची पाच बटणं लावली होती.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात वर उचलले, नवऱ्याला दिसतील असे धरले, आणि म्हणाल्या, "तारीख मोकळी आहे हो. बोटं मोकळी नाहीत."

चिटणीस खाली बसले. मग म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलं." आणि चहा ठेवायला उठल्या, आणि चिटणीस पातेलं उचलायला त्यांच्यामागे गेले.

दुसऱ्याच दिवशी मॅडमचा निरोप आला. सोळा तारखेला शाळेच्या मुलांना चित्रं लावायची आहेत. चिटणीसबाईंच्या बोटांचं कळलं, वाईट वाटलं, तर तारीख सोडणार का? "नाही," चिटणीस म्हणाले. "शाईची आहे." मॅडमनी दोनदा समजावून पाहिलं. मुलांना सतरा तारीख मिळाली.

सोळा तारखेला दुपारीच चिटणिसांनी बर्फ उघडला. झाडून घेतलं, दर कार्यक्रमाला मांडायचे तशा एकशेसाठ खुर्च्या मांडल्या. पडदा बांबूने सरकवला. स्टेजच्या बरोब्बर मधोमध बिनहाताची खुर्ची ठेवली, वरचा दिवा लावला आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या संध्याकाळी तिथे दुसरं कोणी असू नये, एवढंच त्यांना समजत होतं.

पाच वाजता मागचं दार वाजलं. बाई आल्या, काखेत थर्मास. शेजारी बसल्या. चिटणिसांनी थर्मासचं झाकण उघडून दिलं, चहा ओतला. दोघं स्टेजकडे बघत चहा प्यायले. बाईंनी डोळे बारीक केले, मान जरा वाकडी केली.

"खुर्ची मधोमध नको होती," त्या म्हणाल्या.

"मग?"

"डावीकडे. मधे बसलं की तो दिवा डोळ्यांवर येतो. साथीला बसायचे तेव्हाच बघून ठेवलं होतं. आणि डावीकडे बसलं की तिसऱ्या रांगेतला माणूस नीट दिसतो."

"तिसऱ्या रांगेत कोण?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही. दुसरं कोण?"

चिटणीस उठले. गुडघे कुरकुरत होते, तरी पायऱ्या चढून वर गेले आणि खुर्ची उचलून डावीकडे ठेवली. वळून खाली पाहिलं.

"अजून थोडी," बाई म्हणाल्या.

त्यांनी अजून थोडी सरकवली.